पाठ केलेले प्रश्न

भूगोलाच्या सरांना सगळी शाळा तोफ म्हणायची. ते वर्गात शिकवू लागले की खालच्या मजल्यावरच्या मुलांचाही भूगोल फुकटात पक्का व्हायचा. प्रश्न सरच विचारणार, उत्तरही सरच देणार. मुलांनी फक्त मान डोलवायची. आयुष्यभर त्यांनी असंच शिकवलं आणि पोरं पास होत गेली, मग तक्रार कोण करणार?

आणि अचानक शाळेनं आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम घेतला. यापुढे शिक्षकानं सांगायचं नाही, मुलांनीच प्रश्न काढायचे आणि मुलांनीच उत्तरं शोधायची, असं मुख्याध्यापिकाबाईंनी बजावलं. बाहेरून परीक्षकबाई येऊन प्रत्येक शिक्षकाचा एक पाठ बघणार होत्या. ज्याला जमणार नाही त्याच्या हातून वर्ग जाणार आणि तो वाचनालयात पुस्तकांना चिठ्ठ्या डकवत बसणार. तोफेचंच धाबं दणाणलं. शिकवण्याशिवाय त्यांना दुसरं येत काय होतं?

नव्या पद्धतीसाठी शाळेनं दिलेल्या प्रशिक्षणातलं तर एक अक्षर डोक्यात शिरेना. घरी जेवताना बायको म्हणाली, "अहो, जरा गप्प बसून तर बघा. पोरं बोलतील की आपण होऊन."

"आणि नाही बोलली तर?" घास हातातच राहिला. "सगळ्यांसमोर शोभा होईल माझी."

या भीतीनंच घात केला. सरांनी प्रश्न स्वतःच तयार केले, मुलांना वाटून दिले आणि पाठ करून घेतले. कुतूहल वाटल्यासारखा चेहरा कधी करायचा, तेसुद्धा घोटून घेतलं! माणूस घाबरला की जे हातात असतं तेच करत सुटतो.

परीक्षकबाई मागच्या बाकावर येऊन बसल्या. सरांनी फळ्यावर लिहिलं, 'लोक नदीकाठी का राहतात?' आणि तोंडाला कुलूप लावलं. पहिल्या बाकावरून प्रश्न आला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. ओळीनं, खणखणीत आवाजात, कोणी म्हणून कोणी अडखळलं नाही. परीक्षकबाईंनी पेन खाली ठेवलं.

"बरं, हे बसवलेलं झालं," त्या मुलांना म्हणाल्या. "आता तुम्हाला खरंच काय विचारायचंय ते विचारा."

सगळ्या माना सरांकडे वळल्या. सरांचे ओठ हलले, पण सांगायला तर बंदी होती. खडूचा भुगा झाला मुठीत. कोणीतरी काहीतरी विचारा रे, एवढंच ते मनातल्या मनात विनवत राहिले. शेवटी खिडकीजवळची एक मुलगी उठली, अगदी रडवेली होऊन.

"सर, आमचं काही चुकलं का?"

ज्या माणसाकडे सगळ्याची उत्तरं तयार असायची, त्याला तिच्याकडे बघवेना. ते परीक्षकबाईंकडे वळले.

"पोरांचं काही चुकलेलं नाही, बाई," ते म्हणाले, इतक्या हळू की पुढच्या बाकालाही नीट ऐकू गेलं नाही. "उद्यापासून यांना कोण शिकवणार, तेवढं सांगा."