यादीबाहेरचा फोन

एकोडीचा भुपेंद्र गावोगाव राउटर बसवायचा, तुटलेल्या वायरी जोडत फिरायचा. गावातल्याच कवडूकडेही राउटर त्यानंच बसवला. कवडूचं घर तलावाच्या पाळीखाली, खोलगटात. तिथं मोबाइलला टॉवर सापडतच नाही. फोन लागतो तो वायफायवरूनच. शेतात मात्र टॉवर फुल. महिनाभरात शेजारपाजारचे सगळे कवडूच्या भिंतीला टेकून फुकटचं नेट ओढू लागले, तसा म्हातारा तापला.

"भुपेंद्र, माह्या नेटवर अख्खी गल्ली जगून राहिली बे! घरच्या दोन फोनांशिवाय कोणाले शिरू देऊ नको."

भुपेंद्रनं राउटरमध्ये यादी केली. एक फोन कवडूचा, एक त्याच्या बायकोचा, रुखमिणीचा. आता पासवर्ड माहीत असला तरी बाहेरच्या फोनाला राउटर घेणार नव्हता. कवडू जाम खूश झाला.

पुढं रुखमिणीचा फोन पाण्याच्या बादलीत पडला. मुलीनं, शुभांगीनं, नागपूरहून नवा पाठवला. तो काही वायफाय धरेना. धरणार कसा, यादीत कुठं होता तो! रस्त्यात भुपेंद्र दिसला, तशी कवडूला काही न सांगता रुखमिणीनं त्यालाच थांबवलं.

"बाबू, नवा फोन नेट पकडून नाही राहिला. पाहून दे ना."

"उद्या येतो काकू."

दोन मिनिटांचं काम हो! पण रस्त्याच्या खोदकामात रोज वायरी तुटत होत्या, अन् भुपेंद्र तिकडंच अडकला. चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी धानाच्या रोवणीसाठी सारी गल्ली शेतावर गेलेली. दुपारी कवडू जेवायला घरी आला, तर रुखमिणी राउटरखाली भिंतीला टेकून बसलेली. हातात फोन, अंग गार. हार्ट अटॅक, डॉक्टर म्हणाले. लवकर आणलं असतं तर कदाचित वाचल्या असत्या.

तेरवी झाल्यावर कवडूनं भुपेंद्रला बोलावलं. नेट काढूनच टाकायचं होतं त्याला. भुपेंद्रनं लॅपटॉप जोडला अन् राउटरमधल्या नोंदी उघडल्या. रुखमिणी गेली त्या दिवशी सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांपासून एकच अनोळखी फोन पुन्हा पुन्हा आत यायला पाहत होता, अन् दर वेळी नाकारला गेला होता. सव्वीस वेळा. फोन आपणहून एवढा धडपडत नाही. कोणीतरी बोटानं दाबत राहिलं होतं. शेवटची नोंद अकरा एकेचाळीसची.

मागं कवडू बोलतच होता. "फोन माह्या खिशातच होता रे. एक फोन नाही केला तिनं मले. पस्तीस वर्षं राहिली माह्यासंगं, अन् मरताना माही आठवण नाही आली तिले. लय राग येते मले तिचा."

नोंदी पुसायला एक बटण पुरे होतं. कोणाला काही कळलं नसतं. भुपेंद्रचं बोट तिथवर गेलंही, मग त्यानं हात मागं घेतला.

"तिनं लय प्रयत्न केला काकाजी. सव्वीस वेळा. तिचा फोन मीच यादीत टाकला नाही. येतो म्हणलो, अन् आलोच नाही."

आता हा मारेल, असं भुपेंद्रला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण कवडूनं हातही उचलला नाही.

"सव्वीस खेपा?" त्यानं विचारलं. "म्हणजे मलेच बोलावून राहिली होती ती?"

बायको गेल्यापासून कवडू रडला नव्हता. तो तिथंच जमिनीवर बसला अन् मोठ्यानं रडू लागला.