बर्फखान्यापासून पाच गल्ल्या वर

आमच्या गल्लीतल्या येल्बाबाई दिवसभर शाळेचे गणवेश शिवतात आणि संध्याकाळी दारापुढच्या फुटपाथवर झुलत्या खुर्चीत बसून नवनवी सॉफ्टवेअर चाखतात. 'चाखणं' हा शब्द त्यांचाच. मुलीनं कोस्टा रिकाहून टॅब्लेट पाठवला, तेव्हापासून फुकट मिळणारं एकही ॲप त्यांनी सोडलेलं नाही. चाखून झालं की निकाल मोठ्यानं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"हे अळणी आहे."

"हे कच्चं राहिलंय. केळीच्या पानात उकडलेल्या नाकातामालला अजून वाफ हवी होती, तसं."

"हे बरं आहे, पण सारखं 'तुम्हाला आवडलं का' विचारतं. नव्या सुनेसारखं."

पक्ष्यांचे आवाज ओळखणारं एक ॲप आलं तेव्हा मी नेमका शिट्टी वाजवत टॅक्सी पुसत होतो. ॲपनं मला पारवा ठरवलं. त्या दिवसापासून मी, एवेनोर, मानागुआत वीस-बावीस वर्षं टॅक्सी चालवणारा बाप्या, आमच्या गल्लीत पारव्या झालो. त्या यंत्रांवर माझा राग होता तो काही उगाच नव्हता.

दुसरं कारण धंद्याचं. आमच्या शहरात रस्त्यांना नावं असली तरी ती कुणी वापरत नाही. पत्ता सांगायचा तो एखाद्या खुणेपासून: इतक्या गल्ल्या तळ्याकडे, इतक्या वर, इतक्या खाली. आणि ती खूण बहुतेक वेळा नसतेच. झाड तोडलेलं असतं, सिनेमाघर भूकंपात पडलेलं असतं. 'चिंच जिथे होती तिथून दोन गल्ल्या वर' म्हटलं की ती न पाहिलेली चिंच टॅक्सीवाल्याला दिसली पाहिजे. मला दिसते. फोनमधून रस्ता सांगणाऱ्या बाईला काय कप्पाळ दिसणार? ती मला एकदा एका कोंबड्यांच्या खुराड्यात घेऊन गेली होती.

"पारव्या, तू जळतोस तिच्यावर," येल्बाबाई म्हणायच्या.

त्यांच्या शेजारच्या खुर्चीत त्यांचे थोरले भाऊ बसत. फानोरकाका. बहात्तरच्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, जमीन हलली तेव्हा ते चौदा वर्षांचे होते आणि येल्बाबाई दोन. घरातून बाहेर आले ते हे दोघंच, एकाच्या कडेवर एक. आई-वडील आणि मधले दोन भाऊ आतच राहिले. नंतर त्या भागाला तारेचं कुंपण पडलं, मग तारही गेली, आणि उरलं ते माळरान. फानोरकाकांनी बहिणीला तिथं कधी नेलं नाही. "बघायला आहे काय तिथं?" एवढंच म्हणायचे. फक्त तिला झोपवताना घराचा पत्ता अंगाईसारखा म्हणायचे: बर्फखान्यापासून पाच गल्ल्या वर, एक गल्ली तळ्याकडे, पिवळं दार. येल्बाबाईंना तो तोंडपाठ होता. पण बर्फखाना कुठे होता, ते काही माहीत नव्हतं.

गेल्या दोन वर्षांत काकांचं डोकं विस्कटत चाललं होतं. कॉफी प्याली की नाही हे आठवायचं नाही. पण येल्बाबाईंनी आईचा एकुलता एक काळापांढरा फोटो रंग भरणाऱ्या ॲपमध्ये घातला आणि झगा हिरवा होऊन आला, तेव्हा काका तरातरा उठले. "पिवळा होता! दाराचा उरलेला रंग झग्याला लावलास का, म्हणून बाबांनी आईची चेष्टा केली होती." येल्बाबाईंनी झगा पिवळा केला. काका टॅब्लेटला हात लावून कितीतरी वेळ बसले. त्या ॲपला काय निकाल मिळाला ते मी ऐकलं नाही. मिळालाच नसावा.

तेव्हापासून काकांनी टुमणं लावलं, "मी घरी जातो." आम्ही म्हणायचो, हेच घर. ते हसायचे, खुळ्यांकडे बघून हसतात तसं.

एका शनिवारी दुपारी येल्बाबाई शिलाई मशीनवरून उठल्या तर शेजारची खुर्ची नुसतीच झुलत होती. फाटक उघडं. आम्ही वस्ती पालथी घातली, बाजार पाहिला, दोन दवाखाने पाहिले. ऊन कलायला लागलं. काकांना साखरेचा आजार, सकाळपासून पोटात काही नाही, आणि रस्ता ओलांडताना ते गाड्यांकडे बघत नाहीत. येल्बाबाई माझ्या टॅक्सीत पुढे येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "चल. तो घरी गेलाय."

"कुठल्या घरी?"

"बर्फखान्यापासून पाच गल्ल्या वर, एक तळ्याकडे."

माझी मान खाली गेली. न पाहिलेली चिंच दिसणारा मी, मला बर्फखाना दिसेना. दोन म्हाताऱ्या टॅक्सीवाल्यांना एकाच वेळी फोनवर घेतलं. एक म्हणाला कॅथेड्रलच्या वरच्या बाजूला, दुसरा म्हणाला खालच्या, मग ते दोघं एकमेकांच्या आईवर घसरले. मी फोन ठेवला.

येल्बाबाईंनी पिशवीतून टॅब्लेट काढला. "एक आहे माझ्याकडे. पोरीनं परवा पाठवलं. उघडलं आणि बंद केलं."

"अळणी?"

"नाही. भीती वाटली."

तो एक नकाशा होता, बोलणारा. आजच्या शहरावर बोट घासलं की आजचं पुसट व्हायचं आणि खालून भूकंपाआधीचं मानागुआ वर यायचं: गल्ली न् गल्ली, छपराला छप्पर चिकटलेलं, दुकानांची नावं मुंगीएवढ्या अक्षरांत. मी गाडी कडेला घेतली. ज्या माळावरून मी रोज बोंबलत जातो, त्यावर माणसांची एवढी दाटी होती? मी ऐकलं होतं, पण पाहिलं नव्हतं कधी.

"बर्फखाना," येल्बाबाई टॅब्लेटला म्हणाल्या. त्यानं क्षणभर शोधलं आणि एका कोपऱ्यावर ठिपका ठेवला. तिथं खरंच लिहिलं होतं, बर्फखाना. त्यांनी अंगाई म्हणून दाखवली, एकेक शब्द सावकाश. रेघ निघाली, सरळ वर गेली, घरं ओलांडून, बांध ओलांडून, आणि तळ्याच्या पाण्यात जाऊन थांबली.

"तुमचं ठिकाण इथं आहे," यंत्र म्हणालं.

"पाण्यात?" येल्बाबाई ओरडल्या. मग त्यांना कळलं, आणि मलाही. नकाशात वर म्हणजे उत्तर, आणि आमच्या उत्तरेला तळं.

"अगं बये! वर म्हणजे सूर्य वर येतो तिकडे! खाली म्हणजे बुडतो तिकडे! एवढंही तुझ्या आईनं शिकवलं नाही?"

मला वाटलं, आता हे 'समजलं नाही' म्हणणार. पण ते म्हणालं, "म्हणजे वर म्हणजे पूर्वेकडे. मला माहीत नव्हतं. पुन्हा काढते." पाण्यातली रेघ पुसली गेली. बर्फखान्यापासून पाच गल्ल्या उगवतीकडे, एक तळ्याकडे. ठिपका एका माळावर येऊन बसला.

वीस-बावीस वर्षांत माझ्याशी कुठलं गिऱ्हाईक इतक्या सरळपणे 'मला माहीत नव्हतं' म्हणालेलं नाही. मी निमूट गिअर टाकला.

मोठा रस्ता संपला तिथं गाडी लावली. पुढे गुडघाभर गवत, मध्येच एखादी अर्धी भिंत, चरणारा घोडा. येल्बाबाई टॅब्लेट समोर धरून चालायला लागल्या. काचेवर त्या एका गजबजलेल्या गल्लीतून चालल्या होत्या, आणि खाली त्यांच्या चपलांना कुसळं टोचत होती. "पुढच्या कोपऱ्यावर डावीकडे वळा," यंत्र म्हणालं. कोपरा कसला? नुसतं गवत! पण येल्बाबाई थांबल्या, भिंतीला खांदा घासू नये म्हणून चोरतात तसं अंग चोरलं आणि कोपऱ्यावरून वळल्या. त्यांच्यामागून मीही तसाच वळलो. त्या क्षणी गवतातून सरळ तिरकं जायची माझी छाती झाली नाही. आजूबाजूला लोकांची घरं होती.

"तुम्ही पोहोचलात."

चिलामाते झाडाच्या सावलीत फानोरकाका बसले होते. बूट काढून बाजूला नीट जोडीनं ठेवलेले, घरात शिरताना ठेवतात तसे.

"किती उशीर?" ते बहिणीवर डाफरले. "दार उघडं ठेवून बसलोय मी."

येल्बाबाई त्यांच्या पायाशी फतकल मारून बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. मी त्यांच्या पिशवीतलं केळं सोलून काकांच्या हातात दिलं. काका केळं खाता खाता टाचेनं माती उकरत होते. खालून एक फरशी निघाली, फुलांची नक्षी असलेली सिमेंटची, आमच्या आज्यांच्या घरात असायची तशी. येल्बाबाईंनी रडणं थांबवून ॲप्रनच्या टोकानं ती पुसली. एक पुसली, शेजारची पुसली. पिवळी, लाल, पिवळी. ज्या घरात जन्मल्या त्याची जमीन त्या कळत्या वयात पहिल्यांदाच, पंचावन्नाव्या वर्षी बघत होत्या. त्यांनी तिच्यावर दोन्ही तळवे टेकवले.

मी यंत्राकडे पाहिलं. मला त्याला नमस्कार करावासा वाटला. टॅक्सीवाल्यांना सांगू नका.

थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, "हे ठिकाण जतन करायचं का? काय नाव देऊ?"

येल्बाबाईंनी डोळे पुसले आणि आमच्या शहरात कुणीही सांगेल तसंच सांगितलं, "लिही. आमचं घर जिथे होतं."

"होतं?" काका ताडकन म्हणाले. "होतं काय, होतं? बसलीयेस कशात मग?"

येल्बाबाईंनी भावाकडे पाहिलं, खालच्या फरशीकडे पाहिलं. मग टॅब्लेट तोंडाजवळ नेला.

"खोड ते," त्या म्हणाल्या. "नुसतं 'आमचं घर' लिही."