पाडव्यानंतरचं गॅदरिंग

परभणी जिल्ह्यापासून समुद्र कुठल्या कुठे, पण शाळेचं गॅदरिंग म्हटलं की कोळीगीत हवंच. सोनपेठकडच्या त्या गावातही दरवर्षी पोरी पुठ्ठ्याचे मासे टोपलीत घालून नाचतात, आणि गोदावरीखेरीज दुसरं मोठं पाणी न पाहिलेली माणसं टाळ्या वाजवतात. दैवशालेला त्या नाचातली प्रत्येक गिरकी पाठ होती. फक्त गॅदरिंग तिनं कधी पाहिलं नव्हतं.

तिसरीत गुरुजींनी तिला रांगेत मधोमध उभं केलं होतं. शाळेतल्या लिंबाखाली टेपरेकॉर्डर लावून तालीम चालायची. कॅसेट अडकली की पेन्सिल घालून फिरवायची आणि पुन्हा पहिल्यापासून. काय दिवस होते ते! दिवाळी झाली, मुकादमाचा ट्रक आला आणि दैवशाला आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली. गॅदरिंग जानेवारीत. उन्हाळ्यात परतल्यावर तिची जिवाभावाची मैत्रीण राजेश्री, बागायतदाराची लेक, हिनं तिला सगळं इत्थंभूत सांगितलं. मांडव कसा होता, गुरुजींनी दैवशालेच्या जागेवर राजेश्रीलाच कसं उभं केलं, आणि नाचता नाचता तिची टोपली कशी पडली. दैवशाला पोट धरून हसली. घरी जाऊन मात्र ती आईच्या कुशीत रडली.

पुढं दोघींची लग्नं गावातच झाली. गल्ल्या बदलल्या, गाव तेच राहिलं. राजेश्री मळ्यात नांदू लागली आणि दैवशालेच्या हाती आईचा कोयता आला. मग दोघींच्या लेकी एका वर्गात आल्या आणि आया शाळेच्या समितीवर. मुख्याध्यापक राधाकिशन सरांची एक खोड होती. समितीची बैठक ते ऑफिसात घेत नसत, पटांगणात सतरंजी टाकत, आणि जो सगळ्यात मागं बसला असेल त्यालाच आधी बोलायला लावत. त्यामुळं पुढं बसायला एकाएकी गर्दी होऊ लागली होती.

गेल्या दिवाळीआधी मागं सापडली ती दैवशाला. पदर सावरत ती म्हणाली, "सर, माझं एकच म्हणणं हाय. गॅदरिंग गुढीपाडव्यानंतर घ्या. आमची लेकरं तवर येतेत."

अध्यक्ष दत्तरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "उन्हाळ्यात मांडव? आजवर कुणी ऐकलंय का?"

मग सगळेच बोलू लागले. कुणी म्हणालं, ऊन उतरल्यावर घेऊ. कुणी म्हणालं, पाण्याचा टँकर मी आणतो. शेवटी दत्तरावांसकट सगळ्यांनी मान डोलावली. दैवशालेची अर्पिता तालमीत रांगेत मधोमध उभी राहिली, आणि दिवाळीनंतर ट्रॅक्टर आला तेव्हा आईबापाबरोबर गेली. वर्गाच्या बाई मोबाइलवर नाच पाठवायच्या. अर्पिता कारखान्यावर, पाचटानं शाकारलेल्या कोपीसमोर, डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन नाचायची.

पाडवा झाला तरी कारखाना काही बंद होईना. ऊस उभा, मुकादम सोडायला तयार नाही. इकडं समिती बसली. सरांनी दैवशालेला फोन लावला आणि मोबाइल सतरंजीच्या मधोमध ठेवला.

"मांडववाल्याला तारीख सांगून बसलोत," दत्तराव म्हणाले. "आता कसं करायचं?"

दैवशाला फडात उभी होती. तिनं समोरच्या उसाकडं पाहिलं. "घ्या तुमी करून. एका पोरीपायी सगळ्यांना कशाला खोळंबून ठेवायलात?" आपली जागा सोडून द्यायची तिला लहानपणापासूनची सवय.

फोनमधून राजेश्रीचा आवाज आला. "सर, अर्पिताच्या जागेवर माझ्या वैष्णवीला उभं करायचं चाललंय. ते जमणार न्हाई. दैवशालेच्या जागेवर मी एकदा नाचलेय. टोपली पडली म्हणून लोक हसले, पण मला लय रडू यायलं होतं. ती तिथं असती तर टोपली पडलीच नसती."

दत्तरावांनी घसा खाकरला. "मांडववाल्याचं मी बघतो. थांबतोत म्हणून कळवा तिला," ते म्हणाले. ती फोनवर ऐकतच होती, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

अखेर कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला. संसार ट्रॉलीत भरून टोळी गावात शिरली तेव्हा दिवस कलला होता. शाळेतून गाण्याचा आवाज येत होता. दैवशालेनं ट्रॉलीत उभं राहून कुंपणावरून पाहिलं. लिंबाखाली तालीम चालू होती. पोरी टोपल्या घेऊन नाचत होत्या, आणि रांगेत मधोमध एका पोरीइतकी जागा मोकळी होती. गिरकी घेताना पोरी त्या जागेला वळसा घालत होत्या. शेजारची वैष्णवी तर हात पुढं करून रिकाम्या जागेला टाळी देत होती.

"थांबव रे बाबा," दैवशाला ड्रायव्हरला म्हणाली. ट्रॅक्टर थांबला. अर्पिता उतरली, तोंडसुद्धा न धुता धावत गेली आणि वैष्णवीची पुढची टाळी तिच्या हातावर पडली.

गॅदरिंग दोन दिवसांवर होतं. दैवशालेचं मात्र तिथंच, भांड्याकुंड्यांत बसून, डोळे पुसत पुसत बघून झालं.