ओळीवरचं बोट

नव्वदच्या दशकात मी बडोद्याच्या विद्यापीठात शिकत होतो. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत अंध विद्यार्थ्यांना पुस्तकं वाचून दाखवायला दांडिया बाजारातून एक बाई यायच्या. मुलं त्यांना बेन म्हणत. स्कूटी झाडाखाली लावायच्या, पदर खोचायच्या आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागायच्या. इतिहास असो की कविता, आवाज तोच, बस डेपोवर गाड्या पुकारतात तसा.

मला ते फार रटाळ वाटायचं. एकदा न राहवून मी म्हटलं, "जरा भाव आणून वाचलंत तर मुलांना बरं नाही का वाटणार?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही वाचता तेव्हा छापलेली अक्षरं रडून दाखवतात का? कुठे रडायचं ते ह्यांचं हे ठरवतील."

उत्तर मला जरा तोऱ्यातलंच वाटलं.

पुढे एका दुपारी मी त्याच खोलीत टिपणं काढत बसलो होतो. बाई एक गुजराती कथा वाचत होत्या, आई गेलेल्या मुलीची. आवाज नेहमीचाच. सहज वर पाहिलं तर त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, हनुवटीवरून पदरावर पडत होतं. नाक ओढलं असतं तर मुलांना ऐकू गेलं असतं. त्यांनी ओढलं नाही.

पान संपलं तशा त्या क्षणभर थांबल्या. पुढे काय झालं ते ऐकायला समोरची मुलगी उतावीळ झाली होती.

"पछी, बेन?"

बाईंनी पान उलटलं, ओळीवर बोट ठेवलं आणि डेपोवरच्या त्याच आवाजात पुढचं वाक्य वाचलं.