भरल्या गाडीचा हँडब्रेक

आमच्या जुन्या व्हॅनचा हँडब्रेक मी स्वतः बसवला होता आणि तो उत्तम लागायचा. फक्त गाडीत माणसं बसलेली असायला हवीत, एवढी त्याची एक अट होती.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा लखनौला रेल्वेत इंजिनिअर होतो, तोही ब्रेकच्या विभागात. (पुढचं वाचताना हे विसरलात तरी चालेल. आमच्या सुलभाने, म्हणजे बायकोने, मला आजतागायत विसरू दिलेलं नाही.) लखनौच्या महानगर नावाच्या वस्तीतल्या घरात सुलभा, मी, कॉलेजात जाणारी मिनी आणि माझी आई. आईचे गुडघे गेले होते, बसची पायरी चढवत नव्हती, आणि नैमिषारण्य बघायची तिला फार आस. कुठलीही पोथी उघडली की पहिल्याच पानावर नैमिषारण्य येतं, ते इथून दोन-तीन तासांवर, आणि आपण बसलोय मेथी निवडत, असं ती मेथी निवडता निवडता म्हणायची. मला ते ऐकवत नसे.

म्हणून मी व्हॅन घेतली. वयाने माझ्याहून थोडीच लहान असेल. आधीच्या मालकाने मागचा भाग कापून लांबवला होता. मी मधल्या सीटा काढून आईसाठी दिवाण बसवला, दाराला बुटकी पायरी लावली. राहता राहिला हँडब्रेक. जुन्या मापाच्या केबली लांबवलेल्या गाडीत मागच्या चाकांपर्यंत पोचेनात. सुलभा म्हणाली, मेकॅनिककडे टाकू या.

"अख्खी मेल थांबवणारा माणूस मी," मी म्हटलं, "आणि ही डबडी मेकॅनिककडे नेऊ?"

लांब केबली करून आणल्या, गाडी जॅकवर चढवली आणि अख्खा रविवार तिच्याखाली लोळून काढला. संध्याकाळी चाकं जमिनीवर टेकवून दांडा ओढला, तर केबली ढिल्या. परत कसायच्या तर परत खाली झोपणं आलं, आणि पाठ नाही म्हणत होती. तेवढ्यात मला रेल्वेची रीत आठवली. ब्रेकची खरी परीक्षा भरल्या गाडीत! घरातल्यांना आत बसवलं, समोरच्या मिश्रा भाभींनाही बोलावलं आणि पुन्हा दांडा ओढला. फाटकाच्या उतारावर गाडी खिळ्याने ठोकल्यासारखी उभी राहिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी चहा सांगितला.

खरी गंमत मला पुढे कळली. माणसं बसली की मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा दबायच्या, त्यामुळे ॲक्सल जरासा मागे सरकायचा आणि ढिल्या केबली ताणल्या जायच्या. जेवढी माणसं जास्त तेवढा ब्रेक पक्का. आता हँडब्रेकची गरज पडते ती सगळे उतरून गेल्यावरच, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण शेंबड्या पोरांना रेल्वेत ब्रेकच्या विभागात घेत नाहीत.

निघायच्या दिवशी आई पहाटेपासून तयार होती. ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून, दशम्यांचा डबा मांडीवर घेऊन ती दिवाणावर जाऊन बसली. आमचं घर रस्त्यापेक्षा उंच, मधे नालीवरून सिमेंटचा उतार. त्या उतारावर व्हॅन घराकडे तोंड करून उभी. चाकामागे एक वीट लाव, असं सुलभा म्हणाली. वीट लावणं हा माझ्या शिक्षणाचा अपमान आहे, असं मी तिला सांगितलं. सोबत येणाऱ्या मिश्रा भाभींसकट सगळे बसल्यावर मी दांडा ओढला, इंजिन बंद केलं, आणि ब्रेकची शान दिसावी म्हणून मुद्दाम गिअरही काढून ठेवला.

तेवढ्यात आईला आठवलं की गाडीची पूजा राहिली.

"बसल्या बसल्याच हात जोड की," मी म्हटलं.

"तीर्थाला निघालोय. नव्या गाडीला कुंकू नको?"

झालं. मिनी उतरली, सुलभा उतरली, भाभी उतरल्या. शेवटी आईला आम्ही दोघांनी धरून उतरवलं. आईने तबक घेतलं, बोटावर कुंकू घेतलं, हात पुढे नेला आणि बॉनेट जरा मागे सरकलं. आई एक पाऊल पुढे गेली. गाडी लाजऱ्या नवरीसारखी आणखी मागे गेली.

"हिला नकोय का रे?" आईने विचारलं.

"पापा," मिनी म्हणाली, "गाड़ी जा रही है."

मी धावलो. आरसा हाती लागला, आणि तेवढाच हाती राहिला. व्हॅन रस्ता ओलांडून मिश्राजींच्या फाटकाचं एक दार घेऊन आत शिरली आणि त्यांच्या पेरूच्या झाडाला टेकली. बाजूलाच मिश्राजी पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपराची घडी घातली.

"आइए, आइए, देशपांडे साहब. कह देते तो हम दूसरा पल्ला भी खोल देते."

गल्ली हसली. मीही हसलो, दुसरं करणार काय! मग वळून पाहिलं, तर आई तिथेच, बोटावर कुंकू तसंच. ती हसत नव्हती. ते कुंकू तिने आमच्याच फाटकाला लावलं आणि दशम्यांचा डबा घेऊन घरात गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वाकलेला ॲक्सल आणि मिश्राजींचं फाटक यांत माझी सगळी रजा संपली. व्हॅन मेकॅनिकने दुरुस्त केली. महिन्याभराने मिश्राजी सहकुटुंब टॅक्सीने नैमिषारण्याला निघाले, ते आईलाही घेऊन गेले. तिला खुर्चीवर बसवून त्यांनी थेट तिथल्या पवित्र कुंडापर्यंत नेलं म्हणे. मी त्या वेळी ऑफिसात दुसऱ्यांचे ब्रेक तपासत होतो. परत आल्यावर तिने प्रसाद दिला, मग काठी टेकत व्हॅनपाशी गेली आणि तिथून आणलेला लाल धागा हँडब्रेकच्या दांड्याला बांधला.

"पुढच्या खेपेला तू ने," म्हणाली.

पुढची खेप आलीच नाही. त्याच थंडीत आई गेली. इतक्या वर्षांनंतरही वाटतं, कुंडाकाठी तिचा चेहरा कसा दिसत होता ते मला बघायला हवं होतं. त्याच्यासाठीच तर गाडी घेतली होती.

व्हॅन भंगारात दिली तेव्हा तो दांडा मी काढून ठेवला. धागा अजून त्यावर आहे. त्या साऱ्या ब्रेकमध्ये घट्ट बसलेली गोष्ट ती तेवढीच, आणि ती काही मी बसवलेली नाही.