खात्यातली घरघर

सुरतेत नोकरीची बरीच वर्षं गेली. पण पांडेसऱ्यातलं ते प्रकरण आजही मला अस्वस्थ करतं.

गोडादऱ्यातली एक बाई सकाळीच ठाण्यात आली. नवरा लूम कारागीर, मूळचा धुळ्याकडचा. आदल्या संध्याकाळपासून बेपत्ता, मोबाइल बंद. "साहेब, त्यांना साखरेचा आजार आहे. इन्सुलिन घरीच राहिलंय," ती म्हणाली. बेपत्ता म्हणून नोंद घेतली, पण घाई कसली आहे ते माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

नवरा मोबाइलवरच्या एका कॉइनवाल्या, म्हणजे आभासी चलनाच्या, ग्रुपमध्ये होता. तिथे दोन पंथ. एक म्हणे, संगणकासारखी यंत्रं रात्रंदिवस चालवून कॉइन कमवा, ते मायनिंग. दुसरा म्हणे, आहेत ते कुलपात ठेवा, त्यावरच नवे मिळतील, ते स्टेकिंग. आमच्याकडच्या दोन भजनी मंडळांतही इतकं वैर नसतं. हा गृहस्थ स्टेकिंगचा पुढारी. त्याचा शेवटचा संदेश होता, 'चोरीच्या विजेवर मशीन चालवता. उद्या वीज कंपनीत जातो.'

मायनिंगचा पुढारी एका खात्यातला मास्टर होता. लूमच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात, आणि तिथल्या मुकादमाला मास्टर. त्याला ठाण्यात बोलावून घेतलं.

"तो कुठे आहे?"

"मला काय माहीत? साहेब, मुळात स्टेकिंग म्हणजे आळशांचा धंदा..."

"माणूस कुठे आहे ते विचारतोय."

"आमच्या सिस्टिमचं वैशिष्ट्य सांगू? कोणावर विश्वास ठेवावाच लागत नाही. सगळं गणितावर चालतं."

हवालदार म्हणाला, "साहेब, याला पाणी द्या, नाहीतर आपल्यालाही कॉइन विकेल."

हसू आलं, पण दाराबाहेर ती बाई बर्फात ठेवलेली औषधाची पिशवी घेऊन उभी होती. दुपार होत आली. मास्टर दर थोड्या वेळाने घड्याळाकडे पाहत होता आणि कपाळ पुसत होता.

खात्याजवळच्या चहावाल्याला काही दिसलं तर कळव म्हणून सांगून ठेवलं होतं, तेवढ्यात त्याचा फोन आला. "साहेब, आज सगळ्या खात्यांना सुट्टी. पण मास्टरच्या खात्यात मागे काहीतरी घरघरतंय."

रोज लूमच्या खडखडाटात यंत्रांचा आवाज लपत होता. सुट्टीच्या दिवशी लूम गप्प बसतात, हे त्या गणितात धरलेलंच नव्हतं.

पंच आणि त्या बाईला घेऊन निघालो. कुलूप तोडलं. मागच्या खोलीत रांगेने यंत्रं, भट्टीसारखी धग, आणि कोपऱ्यात तो. शुद्ध अर्धवट होती. रुग्णवाहिकेत बायको त्याच्याजवळ बसली. तो डोळे उघडून पुटपुटला, "मी म्हणत होतो ना, मायनिंग..."

"तुम्हना कॉइन घाला चुल्हामा. गपचूप पडी ऱ्हा," ती रडत ओरडली.

तो वाचला. पंचनामा करून ठाण्यात परतल्यावर मास्टरला विचारलं, "माणूस मरत होता, तरी बोलला का नाहीस?"

तो खाली मान घालून म्हणाला, "मशीन हलवेपर्यंतच ठेवायचा होता. तुम्ही मला बोलावलंत, म्हणून निघताना भागीदाराला चावी दिली. म्हटलं, तो उघडेल."

भागीदार चावी खिशात घालून सकाळच्याच गाडीने नंदुरबारला निघून गेला होता.

पुढे मी बऱ्याच जणांच्या जबान्या घेतल्या. आपण कोणावरच विश्वास ठेवत नाही, असं कोणी छाती काढून सांगितलं, की मी वाद घालत नसे. एवढंच विचारायचो, चावी कोणाकडे दिलीस?