शतावरीचा डबा

पन्नाशीला टेकले आणि माझा राग नाकाच्या शेंड्यावर येऊन बसला. पोळी करपली की मी रडायचे, आणि चहा कोमट आहे असं नवरा म्हणाला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. पाळी थांबल्यामुळे हे होतंय हे कळत होतं. पण आपल्याला वेड लागतंय ही भीती तेवढ्याने जात नव्हती आणि ती घरात कुणाला कळू द्यायची नव्हती. डोंबिवलीच्या आमच्या घरात सासूबाई, नवरा, मुलगा आणि सात महिन्यांपूर्वी आलेली सून. सुनेसमोर तर मुळीच नाही.

म्हणून ऑफिसला दांडी मारून ठाण्याला, नौपाड्यातल्या एका वैद्यबाईंकडे गेले. त्यांनी आधी थायरॉइड तपासून घ्यायला लावलं, मग दुधातून घ्यायचा शतावरी कल्प आणि अश्वगंधेच्या गोळ्या दिल्या. स्पष्टच म्हणाल्या की कुणाला गुण येतो, कुणाला येत नाही. दोन महिने बघू, नाहीतर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवते. शिवाय घरात कुणाशी तरी बोला म्हणाल्या. मी औषध घेतलं आणि सल्ला तिथेच ठेवून आले. डबा तांदळाच्या पिंपामागे लपवला.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून सासूबाईंना नको ते आधी दिसतं. त्यांना डबा दिसला. आमच्याकडे शतावरी द्यायची ती गरोदर बाईला नाहीतर बाळंतिणीला, तिसरं कुणी नाही. नातसुनेला दिवस गेलेत आणि ते आपल्यापासून लपवलं जातंय, असं त्यांनी ठरवून टाकलं. विचारलं कुणालाच नाही. सुनेच्या हातून बादली काढून घेतली, पपई घरात येऊ देईनात, आणि कल्याणच्या माझ्या नणंदेला फोनवर गोड बातमी देऊन मोकळ्या झाल्या. नणंदेने लगेच सुनेला फोन करून अभिनंदन केलं.

रविवारी जेवताना सून रडायला लागली. "माझी बातमी सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त मलाच नाही," ती म्हणाली. सासूबाईंनी उठून डबा आणला आणि ताटांच्या मधोमध ठेवला.

शेजारणीचा आहे म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. पण त्या पोरीचा चेहरा बघवेना. "माझा आहे," मी म्हणाले. एकदा तोंड उघडल्यावर रात्र-रात्र न लागणारी झोप, रडू, वेडाची भीती, सगळंच बाहेर आलं. नवरा भाताकडे बघत बसला. सुनेने माझा खरकटा हात तसाच धरला. मला इतकं हलकं वाटलं की लाजायचं राहूनच गेलं.

मग सासूबाई बोलल्या. त्यांचं असं झालं तेव्हा त्या खडवलीला माहेरी निघून गेल्या होत्या. आठ दिवस नदीवर नुसत्या बसून परत आल्या. सगळ्यांना वाटलं, भांडून गेली होती. त्यांनीही तसंच वाटू दिलं.

याला महिना झाला. झोप जरा सुधारली आहे. ती शतावरीने की बोलल्याने, हे वैद्यबाईंनाही सांगता येत नाही. राग अजून येतो, पण आता घरात त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक असतं. सकाळचं दूध सासूबाईच कोमट करून, कल्प ढवळून देतात. काल पेला हातात देऊन त्या तिथेच थांबल्या.

"मला तेव्हा कुणी विचारलं नाही गं," त्या म्हणाल्या. "तुला विचारते. आज कसं वाटतंय?"

मी सवयीने बरं म्हणणार होते. पण खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले आणि खरं ते सांगितलं.